पडद्याखाली राहिलेली ओळ

भाऊबीज झाली की आमच्या रस्त्याचा आवाज बदलतो. आमचं घर बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. एरवी इथून एसट्या जातात, ट्रक जातात, कोणी मान वर करून बघत नाही. पण या आठ-पंधरा दिवसांत ट्रॅक्टर जायला लागतात. एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि ट्रॉल्यांत निम्मं गाव बसलेलं. पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, बाजरीच्या पिठाचे डबे, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. ड्रायव्हरनं गाणं लावलेलं असतं, इतकं मोठं की खिडकीची काच थरथरते. वरातीचं गाणं लावून माणसं ऊस तोडायला निघतात याची मला दरवर्षी नव्यानं चीड येते.

यंदा पहिला ट्रॅक्टर गेला तेव्हा मी टेबलाशी काम करत होते. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. काम काय, तर आमच्या लोकांनी बनवलेला प्रोग्राम वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर नीट दिसतो की नाही ते बघायचं. त्या दिवशी एक तक्रार आली होती: ‘पडदा दीडशे टक्क्यांवर ठेवला की तळाचं बटण दिसत नाही.’ तिच्याखाली आमच्यातल्याच कोणा तरुण शहाण्यानं लिहिलं होतं, ‘किरकोळ आहे, पुढच्या वेळी बघू.’ बाहेर गाणं वाजत होतं. मी तो ‘किरकोळ’ शब्द दोनदा वाचला, लॅपटॉप मिटला आणि अंगणात येऊन उभी राहिले. आई म्हणाली, “काय झालं गं?” मी म्हटलं, “काही नाही.” हे ‘काही नाही’ मी आठ वर्षं म्हणत आले आहे.

दीडशे टक्के म्हणजे काय ते सांगते, अवघड काही नाही. कॉम्प्युटरला सांगता येतं की अक्षरं, चौकटी, बटणं सगळं मोठं करून दाखव. कोणी सव्वापट ठेवतं, कोणी दीडपट. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे, आणि चांगली सोय आहे. पण काच तेवढीच राहते. ताट तेवढंच आणि भाकरी दीडपट केली तर कडेचं लोणचं खाली जाणारच. ते कुठं जाईल याचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्यानं आधी करायचा असतो. खाली सरकायला पट्टी द्यायची किंवा चौकटी आपोआप आवरून घ्यायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते केलं नव्हतं. माझे डोळे चांगले होते, माझा लॅपटॉप चांगला होता, आणि जगात सगळ्यांचं तसंच असतं असं मला वाटत होतं.

आठ वर्षांपूर्वी मी पुण्याहून परत आले आणि बीडमध्ये एका खोलीत ऑफिस थाटलं. बाहेर माझ्याच नावाची पाटी, सुजाता अमुक, सॉफ्टवेअर. लोक पाटी वाचायचे आणि आत येऊन विचारायचे, झेरॉक्स मिळेल का? तशात एका शिक्षणसंस्थेचं काम मिळालं. त्यांच्या अकरा शाळा होत्या, सगळ्या खेड्यांवर. मुलांचे कागदावरचे अर्ज कॉम्प्युटरमध्ये भरायचा प्रोग्राम हवा होता. मी महिनाभर घासून तो लिहिला. सगळं झाल्यावर संस्थेतून फोन आला की एक प्रश्न राहिला, तेवढा टाका: ‘पालक यंदा ऊसतोडीला जाणार आहेत का?’ मी तो टाकला, जागा होती तिथं, म्हणजे सगळ्यांत खाली.

त्या प्रश्नावर काय अवलंबून होतं ते मला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. ज्या मुलांपुढे ‘होय’ येईल त्यांची यादी व्हायची, आणि त्या यादीवर शाळेत हंगामी वसतिगृह सुरू व्हायचं. आईबाप फडावर गेले तरी पोरं गावात राहायची, दोन वेळचं जेवायची, शाळा चालू राहायची. यादीत नाव नसेल तर पोर ट्रॉलीत. मधलं काही नव्हतं.

आणि कॉम्प्युटरला रिकामी जागा आवडत नाही म्हणून मी त्या प्रश्नाचं उत्तर आधीच ‘नाही’ करून ठेवलं होतं. ज्याचं ‘होय’ असेल त्यानं ते बदलावं. वर आणखी एक हुशारी केली होती. ‘जतन करा’ हे बटण मी तळाला न ठेवता वर, नावाच्या शेजारी ठेवलं होतं. दिसायला छान दिसत होतं. ते खाली ठेवलं असतं तर तेही पडद्याखाली गेलं असतं, भरणारं माणूस अडलं असतं, त्यानं मला फोन केला असता आणि सगळं वाचलं असतं. माझ्या हुशारीनं तीही वाट बंद केली.

त्या अकरा शाळांपैकी एक कपिलधारच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत होती. तिथं तांदळे बाई लिपिक होत्या. ठसठशीत कुंकू, करड्या केसांचा घट्ट अंबाडा आणि हातात लाल पेन्सिल. एक अर्ज भरून झाला की कागदावर लाल खूण, मग दुसरा. टायपिंग त्या जुन्या यंत्रावर शिकलेल्या, त्यामुळे कळफलकावर बोटं अशी पडायची की शेजारच्या वर्गात आवाज जायचा. नजर तर अशी की जेवणाच्या सुट्टीत शाळेचे तांदूळ निवडायला बसल्या तर चार बायकांच्या हातून सुटलेला खडा त्यांना सापडायचा. त्या उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. “एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हायचंय,” असं त्या हसत सांगायच्या, जणू भिंतीला रंग द्यायचा राहिलाय. बारीक अक्षरांनी डोळ्यांना पाणी येतं म्हणून शाळेतल्या एका सरांनी त्यांचा पडदा दीडपट करून दिला होता. हे मला नंतर कळलं.

मी प्रोग्राम बसवायला गेले तो भादव्यातला दिवस होता. मैदानावर गवत वाढलेलं, वर्गात ओल्या दप्तरांचा वास. सातवीतली एक मुलगी अर्ज हातात घेऊन दारात उभी होती. कोमल तिचं नाव. दोन घट्ट वेण्या, त्यांना न जुळणाऱ्या रंगांच्या रिबिनी. अर्ज तिनं स्वतःच भरला होता, कारण घरी लिहिणारं कोणी नव्हतं. तिला नीट विचारायचं होतं.

“ताई, ह्यात नाव घातलं म्हंजी वसतिगृहात पक्कं लागतंय का?”

“पक्कं,” मी म्हणाले. “एकदा कॉम्प्युटरमध्ये गेलं की कोणाला खोडता येत नाही.”

“मागल्या सालाच्या आधी मी फडावर गेलते. तिथं दिसभर बाळाला धरून बसावं लागतं. पुस्तक नेलतं, पर ते भिजलं.” तिनं हातातला अर्ज सरळ केला. “मला न्हाई जायचं आता.”

तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं, दुकानात जाऊन वही मागावी तसं ती सांगत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नवा प्रोग्राम, नवी पाटी, आणि वर ही मुलगी माझ्यावर विश्वास ठेवून बघते आहे. मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची आज किळस येते.

बाईंनी त्या महिन्यात एकेक अर्ज भरला, एकेक लाल खूण केली. एकही शुद्धलेखनाची चूक नाही, एकही जन्मतारीख इकडची तिकडे नाही. फक्त तळाचा प्रश्न त्यांना कधी दिसलाच नाही. कागदावर तो होता, पण कागदावर इतरही दहा गोष्टी होत्या ज्या कॉम्प्युटर विचारत नव्हता. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच असेल. यादी निघाली तेव्हा त्या शाळेपुढे शून्य आलं. ज्या गावात दिवाळीनंतर कुत्र्यांनाही भाकरी टाकायला कोणी उरत नाही, त्या गावातून ऊस तोडायला जाणारं घर एकही नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला. संस्थेच्या ऑफिसात तो आकडा चार-पाच जणांनी पाहिला असेल. एकालाही हसू आलं नाही, एकालाही घाम फुटला नाही, कारण तो छापून आला होता.

भाऊबीजेनंतर ट्रॅक्टर निघाले. वसतिगृह सुरू झालं नाही.

मग चौकशी झाली. ती शाळेत झाली नाही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बीडला, संस्थेच्या हॉलमध्ये झाली, पांढऱ्या कपड्यानं झाकलेल्या टेबलाशी. सचिवसाहेब मधोमध, बाई एका कडेला, आणि मी माझा लॅपटॉप घेऊन दुसऱ्या कडेला. बाई म्हणाल्या, “साहेब, असा परश्न माझ्या मशीनवर न्हवताच.” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्ज उघडला, लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. तळाशी प्रश्न लख्ख दिसत होता.

“हे काय बाई, दिसतंय की!”

बाई उठून जवळ आल्या. चष्मा वर-खाली करून बघितलं. “हितं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “तिथं न्हवतं.”

“मशीन वेगळं असलं तरी प्रोग्राम एकच आहे ना?” हे साहेबांनी मला विचारलं.

“हो सर, एकच आहे,” मी म्हणाले.

हे खरं होतं. मी त्या दिवशी खोटं बोलले नाही, आणि एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगता येतं. कोणीतरी हळूच म्हणालं, ऑपरेशन झालंय ना त्यांचं. खुर्च्यांमधून थोडं हसणं फिरलं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि जागेवर जाऊन बसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांना कॉम्प्युटरवरून काढून पुस्तकांच्या खोलीत बसवलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी केलंच नाही. वर्ष-दीड वर्षात मुदतीआधीच नोकरी सोडली.

पौषात मी त्या शाळेत प्रिंटर जोडायला गेले. थंडी होती, पोरं उन्हात बसली होती, आणि सातवीच्या वर्गात निम्मे बाक रिकामे होते. बाईंचा कॉम्प्युटर जसाच्या तसा होता. चालू केला तर अक्षरं ही एवढाली. मी सहज अर्ज उघडला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, पत्ता, आणि त्याखाली पडदा संपला. प्रश्न नव्हता. मी माउस इकडे-तिकडे ओढला, खिडकी मोठी करून पाहिली, ती होईना, कारण ती होऊ नये असं मीच लिहिलं होतं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मोसम संपायला चांगले तीन महिने होते. मी त्याच दुपारी सचिवसाहेबांकडे जाऊन सांगितलं असतं की चूक माझी आहे, बाईंची नाही, तर कदाचित काही हललं असतं. चार पोरं तरी परत आली असती, त्यात कदाचित कोमल असती. पण त्याच आठवड्यात माझं पुढच्या वर्षाचं काम पक्कं व्हायचं होतं. पोरीला जमेल का असं म्हणणारे सगळे टपून बसले होते. मी प्रिंटर जोडला, चहा घेतला आणि घरी आले. प्रोग्राम दुरुस्त केला. अर्धाच तास लागला. नवी आवृत्ती अकराही शाळांना पाठवली आणि सोबतच्या चिठ्ठीत काय बदललं त्यापुढे दोन शब्द लिहिले: ‘किरकोळ सुधारणा’.

कोमल गुढीपाडव्याच्या सुमाराला फडावरून आली. शाळेत आली नाही. मधे सुटलेलं भरून काढता येईना आणि धाकट्या भावाला तिची सवय झालेली. त्यापुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. तिचं वय विचारू नका, तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आता ती कोणाच्या तरी कोयत्यातली अर्धी आहे.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत ती मला मांजरसुंब्याला भेटली. मी सोलापूरकडून येत होते, चहाला थांबले. ढाब्यासमोर ट्रॅक्टरांची रांग, डिझेलचा आणि तळलेल्या भज्यांचा वास. ट्रॉलीतून एक बाई उतरून आली, कडेवर पोरगी.

“ताई, वळखलं का? मी कोमल.”

मी ओळखलं. तिनं पोरीला माझ्यापुढे धरलं, नाव सांगितलं, मी गाल ओढला. तुमचं कॉम्प्युटरचं बरं चाललंय का, असंही तिनं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, “तुमी तवा मला पक्कं म्हनलं व्हतं. तुमचं काय चुकलं न्हाई. बाईनं माझं ‘होय’ टाकलंच न्हाई. मला त्या तांदळे बाईचा लई राग येतो. कावून असं केलं आसंल तिनं?”

माझ्या हातात चहाचा कप होता. बाई चुकल्या नाहीत, मी चुकले, एवढं एक वाक्य. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ती पळत जाऊन चढली, आणि मी तिला हात केला. मी एवढंच केलं. पौषातल्या गप्प बसण्याला निदान भीतीचं कारण होतं. या दुसऱ्या गप्प बसण्याला काय नाव देऊ?

तेव्हा यंदा तो ‘किरकोळ’ वाचला आणि अंगणात उभी राहिले, ती दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या गावी गेले. सोयाबीन काढून वावरं उघडी पडली होती. बाई ओसरीवर बसल्या होत्या, अंबाडा आता पांढरा. त्यांची सून समोर तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “बाई, तुम्ही नाही बसलात निवडायला?”

“मी कशाची निवडती,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोळ्यावर कुनी इसंबायचं? खडा ऱ्हायचा.”

मी सगळं सांगितलं. दीडशे टक्के, तळाची ओळ, हॉलमधला लॅपटॉप, पौषातली दुपार, मांजरसुंब्याला भेटलेली कोमल. सुनेचा हात सुपात थांबला होता.

“म्हंजी माझे डोळे चांगले व्हते?”

“हो बाई.”

“मला ते दिसलं न्हाई, कारन ते तिथं न्हवतंच.”

“नव्हतंच.”

“आन तुला कवा कळलं म्हनलीस?”

“त्याच वर्षी. पौषात.”

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सुनेसमोरचं सूप स्वतःकडे ओढलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि तांदूळ निवडायला लागल्या. बोटं अजून तशीच चालत होती. एक खडा काढून माझ्या बाजूला टाकला, मग दुसरा. सुनेनं केलेला चहा माझ्यापुढे निवत गेला आणि मला तो घ्या असं कोणी म्हणालं नाही.

मग त्या आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. चौकशीला बोलावलं तेव्हा त्यांनी सगळ्या अर्जांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या, कोणी मागितल्या तर दाखवायला. “कुनी मागितल्याच न्हाईत,” म्हणाल्या. त्यातून शोधून एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

“मला सांगून तू मोकळी झालीस, सुजाता. पर मी न्हाई ट्रालीत बसले. ती बसली. तिच्या सासरचा ट्रॅक्टर परवा निघतोय. तिला सांग.”

उद्या तो परवाचा दिवस आहे. मी सकाळीच मांजरसुंब्याला जाऊन थांबणार आहे, आणि या वेळी हातात चहाचा कप घेणार नाही. काय बोलायचं ते अजून जुळत नाही. कागद समोर टेबलावर आहे, माझ्या मोठ्या, महागड्या पडद्याच्या पायथ्याशी. सातवीतलं गोल गोल अक्षर, नाव, आईचं नाव, पत्ता. अगदी तळाशी तो प्रश्न आहे, आणि त्यापुढे कोमलनं ‘होय’ लिहून, कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून, त्याखाली दोन जाड रेघा ओढल्या आहेत.